मला नाव नाही!

एका संस्थेतल्या प्रयोगशाळेचा लिनक्स सर्व्हर काही वर्षं माझ्याकडे होता. ‘माझ्याकडे’ म्हणजे तो बंद पडला की फोन मला यायचा. तीसेक संशोधक विद्यार्थी त्यावर काम करायचे. नवं कुणी आलं की अकाउंट उघडायचं आणि कुणी गेलं की काढायचं, हेही माझंच काम. मग एक दिवस जाणारा मीच होतो.

निघायला अर्धा तास होता आणि टेबल आवरून झालं होतं. स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या होत्या. एकीत मी माझ्या नावानं आत होतो, दुसरीत रूट म्हणून, म्हणजे ज्याला कुणी काही विचारत नाही असा सर्वाधिकारी. रूटच्या खिडकीत ‘यूजरडेल’ ही अकाउंट काढायची आज्ञा लिहिली आणि पुढे माझं नाव टाकलं. मशीननं नकार दिला. हा माणूस आत्ता आत बसलाय, असं काहीतरी म्हणालं. मग जबरदस्तीचा पर्याय जोडून पुन्हा एंटर दाबलं. काहीच झालं नाही. युनिक्सच्या घराण्यात काहीच न होणं म्हणजे काम फत्ते.

पहिल्या खिडकीत परत आलो तर मी अजून आतच. बाहेर कुणी काढलं नव्हतं. सहज म्हणून नवं बॅश सुरू केलं. बॅश म्हणजे आपल्या आज्ञा ऐकून घेणारा प्रोग्रॅम. एरवी तो ओळीच्या सुरुवातीला आपलं नाव छापतो आणि पुढच्या आज्ञेची वाट बघतो. त्या दिवशी नावाच्या जागी इंग्रजीत एक अख्खं वाक्य आलं. ‘आय हॅव नो नेम!’ मला नाव नाही! उद्गारचिन्हासकट.

हा माझ्या यंत्राचा विनोद नव्हता. बॅशच्या मूळ कोडमध्येच हे वाक्य आहे. जगातल्या कुठल्याही लिनक्सवर, आत असलेल्या माणसाचं नाव सापडलं नाही की तो हेच म्हणतो. मला त्यातला ‘मला’ फार आवडला. ‘तुम्ही कोण?’ असं तो विचारत नाही. तो माझ्या वतीनं, माझ्या जागी उभा राहून बोलतो. ‘मी कोण’ असं विचारणारी एक आज्ञाच आहे, तीही देऊन पाहिली. उत्तर आलं, १००७ या क्रमांकाचं नाव सापडत नाही. मग एक नवी फाइल तयार केली. झाली! जुनी उघडली. उघडली! नाव गेलं होतं आणि हातपाय मात्र नेहमीसारखे चालत होते.

त्या अर्ध्या तासात मला जे दिसलं ते इतकी वर्षं अकाउंट्स काढताना दिसलं नव्हतं. त्या यंत्राला माझं नाव कधी ठाऊकच नव्हतं.

अकाउंटला आपण मराठीत खातं म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर बँक येते. गंमत म्हणजे संगणकावरचं खातं जन्माला आलं तेही हिशेबासाठीच. १९६१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीटीएसएस’ नावाची व्यवस्था चालवून दाखवली. एकच प्रचंड आयबीएम मशीन आणि एकाच वेळी ते वापरणारी अनेक माणसं. मशीन प्रत्येकाला क्षणभर वेळ देई आणि पुढच्याकडे वळे. इतक्या झपाट्यानं वळे की प्रत्येकाला वाटावं, हे यंत्र माझ्या एकट्याचंच. मशीनचा वेळ सोन्याच्या भावाचा. तो कुणी किती वापरला हे लिहून ठेवायला हवं, म्हणून प्रत्येकाचं खातं. दुसऱ्याच्या खात्यावरचा वेळ कुणी लाटू नये म्हणून पासवर्ड. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या तिथल्याच संशोधकाला वाट्याला आलेला वेळ पुरेना. त्यानं एक पंच कार्ड सरकवून पासवर्डची अख्खी फाइलच छापून घेतली. पासवर्ड जन्मल्यावर वर्षभरात चोरीलाही गेला तो असा. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’सारखे आजचे महासंगणकही असेच अनेकांमध्ये वाटून घेतलेले असतात, आणि तिथेही मुद्दा शेवटी वेळेच्या वाटणीचाच असतो.

तर हे खातं राहतं कुठे? मला वाटे, कुठेतरी आत खोल, तिजोरीसारख्या जागी असेल. प्रत्यक्षात ते एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतं आणि एका माणसाला एक ओळ मिळते. न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स उभं केलं. या फाइलीची पद्धत त्यांच्या त्या पहिल्या काही वर्षांतली. तिचं नाव लिहितात ‘पासडब्ल्यूडी’ आणि म्हणतात ‘पासवर्ड’. ती राहते ‘एटसी’ नावाच्या फोल्डरमध्ये. एटसी म्हणजे इत्यादी. गावातल्या समस्त माणसांची नोंदवही ‘इत्यादी’ लिहिलेल्या कपाटात! मला यात उगाचच एक नम्रपणा दिसतो.

समजा प्रयोगशाळेत सुमन नावाची एक विद्यार्थिनी आहे. तिची ओळ साधारण अशी असेल:

सुमन:एक्स:१००७:१००७:सुमन, खोली १२:/होम/सुमन:/बिन/बॅश

सहा अपूर्णविराम आणि सात रकाने. आधी नाव. मग पासवर्डची जागा, जिथे आता नुसता एक्स असतो. मग तिचा क्रमांक, गटाचा क्रमांक, थोडी माहिती, घराचा पत्ता, आणि आत आल्यावर सुरू व्हायचा प्रोग्रॅम.

यातला पाचवा रकाना, ‘सुमन, खोली १२’ असं लिहिलेला, जरा थांबून पाहण्यासारखा आहे. त्याचं अधिकृत नाव ‘जीकॉस’. जीकॉस ही जनरल इलेक्ट्रिकच्या मोठ्या संगणकांवरची ऑपरेटिंग सिस्टम. बेल लॅब्जमध्ये असं एक मशीन होतं आणि युनिक्सवाले छपाईची कामं त्याच्याकडे पाठवत. त्या मशीनला आपली ओळख सांगायला जी माहिती लागे, ती ठेवायला हा रकाना केला. पुढे ती छपाई संपली, ती गरजही संपली. रकाना राहिला, नावासकट. टेबलावरच्या कुठल्याही लिनक्सवर जाऊन पाहिलंत तर कधीच निवृत्त झालेल्या त्या यंत्राची जागा अजून राखलेली दिसेल. माणसांची नावं कमी करायच्या वहीतून यंत्राचं नाव कमी करायचं मात्र राहून गेलं.

आता मुख्य गोष्ट, तिसरा रकाना. १००७.

ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, ही फाइल कधी उघडतच नाही. त्याला नावं कळत नाहीत. सुमननं फाइल तयार केली की त्या फाइलीच्या कपाळावर कर्नल १००७ लिहितो. तिचा एखादा प्रोग्रॅम चालू असेल तर त्याच्या माथ्यावरही १००७. दुसऱ्यानं तिची फाइल उघडायचा प्रयत्न केला की कर्नल दोन आकडे शेजारी ठेवून पाहतो, जुळले का? बस्स. मग फाइलींची यादी पाहताना शेजारी ‘सुमन’ कसं दिसतं? तर यादी छापणारा प्रोग्रॅम प्रत्येक आकड्यापाशी थबकतो, इत्यादीच्या कपाटातली वही उघडतो, १००७ समोरचं नाव वाचतो आणि ते आपल्याला दाखवतो. हे नाव केवळ आपल्यासाठी, दर वेळी नव्यानं, आयत्या वेळी लावलेलं असतं. दारावरच्या पाटीसारखं. पोस्टमनला पाटी लागते, घराच्या विटांना नाही.

म्हणजे ‘यूजर डिलीट’ करताना आपण करतो काय? त्या वहीतली एक ओळ खोडतो. पासवर्डच्या आणि गटांच्या वहीतल्या जोडओळी खोडतो. सांगितलंच तर तिचं घरचं फोल्डर आणि टपालाची पेटी रिकामी करतो. रेशनकार्डावरून नाव कमी करणं असा आपल्याकडे शब्द आहे, तो इथे अगदी चपखल बसतो. नाव कमी झालं. मोठ्या डिस्कवरच्या सामाईक फोल्डरमध्ये, कुणाच्या तरी प्रकल्पात, तात्पुरत्या फायलींच्या अडगळीत तिनं ठेवलेलं जे जे आहे, ते जागच्या जागी राहिलं. यादी मागितली की मालकाच्या जागी आता ‘सुमन’ऐवजी नुसतं १००७ दिसतं, कारण वहीत शोधूनही नाव मिळत नाही. पाटी निघाली की मागची वीट दिसावी तसा तो आकडा उघडा पडतो. यूजरडेलच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलंय की सगळ्या डिस्क स्वतः तपासा, या माणसाच्या मालकीचं काही उरलं नाही ना ते बघा. आज्ञा देणारा मोकळा, शोधणारा तुम्ही.

तिनं लावून ठेवलेली वेळापत्रकाची कामंही मागे राहू शकतात. रोज पहाटे तीनला अमुक कर, असं क्रॉन नावाच्या प्रोग्रॅमला सांगून ठेवता येतं. अशी यादी राहिली आणि माणूस गेला, तर क्रॉन ती पाहतो, वही उघडतो, नाव नाही असं कळल्यावर काम करत नाही आणि आपल्या रोजनिशीत एक शब्द लिहितो, ‘ऑर्फन’. अनाथ. ज्या प्रोसेसचा जनक आधी संपला तीही यांच्या भाषेत अनाथ, आणि तिला दत्तक घ्यायला बहुधा पहिल्या क्रमांकाची प्रोसेस बसलेलीच असते. संपलेली पण अजून कुणी दखल न घेतलेली प्रोसेस म्हणजे झोंबी. कुणाचंच नसलेलं काम ज्याच्या नावावर टाकतात त्या खात्याचं नाव ‘नोबडी’, क्रमांक बहुतेक ठिकाणी ६५५३४. इंजिनिअर मंडळी एरवी कोरडी बोलतात, पण माणूस निघून जाण्याचा प्रश्न आला की त्यांचा शब्दकोश एकदम कीर्तनकाराचा होतो.

आणि घरचं फोल्डर तरी खरंच रिकामं होतं का? युनिक्समध्ये फाइल ‘डिलीट’ करणारी कर्नलची सेवाच नाही. जी आहे तिचं नाव ‘अनलिंक’, दुवा सोडवणं. फाइलीचं नाव एकीकडे, फाइल दुसरीकडे, मध्ये एक गाठ. आपण गाठ सोडतो. फाइलीला बांधलेली शेवटची गाठ सुटली आणि कुणी ती उघडून बसलेलं नसेल, तरच तिची जागा मोकळी म्हणून जाहीर होते. तोवर ती बिननावाची फाइल डिस्कवर जागा अडवून जिवंत असते. डिस्क भरलीय, पण भरलीय कशानं ते दिसत नाही, असला चकवा लागलेले अ‍ॅडमिन शेवटी अशाच फाइलीपाशी पोचतात.

इथवर सगळं जरा उदास, पण निरुपद्रवी. गोष्ट बिघडते ती पुढच्या माणसाच्या वेळी.

लिनक्सवर नवं अकाउंट उघडताना क्रमांक सांगितला नाही, तर यूजरअ‍ॅड साधारणपणे वहीतला सर्वांत मोठा क्रमांक बघतो आणि पुढचा देतो. सुमन सर्वांत शेवटी आली होती, १००७. ती गेली, तिची ओळ गेली. आता वहीतला सर्वांत मोठा क्रमांक १००६. सोमवारी नवा मुलगा रुजू झाला. त्याला मिळाला १००७.

तो यादी उघडतो आणि पाहतो तर सामाईक डिस्कवर दोन वर्षांचं काम त्याच्या नावावर! सुमनचे प्रयोग, तिच्या नोंदी, तिनं फक्त स्वतःला वाचता येईल असं कुलूप लावून ठेवलेला अर्धा शोधनिबंध. कुलूप १००७ ला ओळखतं आणि हा १००७ आहे. कर्नलच्या दृष्टीनं काहीही बदललेलं नाही. मध्ये कुणी गेलं आणि कुणी आलं याची त्याला वार्ताच नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढायला फेरफार, नोटीस, हरकती, चावडीवर चकरा. इथे एका सोमवारी सकाळी कुणालाही न विचारता वारस नोंद झाली, आणि वारसाला मयताचं नावही ठाऊक नाही. (सुमन ठणठणीत आहे, दुसरीकडे चांगल्या नोकरीवर गेलीय.)

जुने अ‍ॅडमिन म्हणूनच आधी डिस्कभर शोध घेतात: ज्यांच्या आकड्याला नाव नाही अशा सगळ्या फायली दाखव. हा शोध मी पहिल्यांदा चालवला तेव्हा पडद्यावरून आकड्यांची जी रांग गेली ती मला विसरता येत नाही. १००२, १००२, १०११, पुन्हा १००२. माझ्या आधीच्या अ‍ॅडमिननं काढलेली माणसं. त्यांतलं एकही नाव मला कळण्याचा मार्ग नव्हता, पण ‘अंतिम’, ‘अंतिम-२’, ‘खरंच-अंतिम’ अशी फायलींना नावं देणारा १००२ हा कुणीतरी ओळखीचा वाटायला लागला.

क्रमांक पुन्हा वापरायचेच कशाला, असं कुणी विचारेल. पहिल्या युनिक्सकारांना ती चैन परवडणारी नव्हती. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत माणसाच्या क्रमांकाला एकच बाइट होता, म्हणजे जास्तीत जास्त २५६ माणसं. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत दोन बाइट आले आणि आकडा ६५,५३६ वर गेला. २००१ साली लिनक्सच्या २.४ आवृत्तीपासून चार बाइट मिळाले. सुमारे ४२९ कोटी क्रमांक. एवढे क्रमांक प्रयोगशाळेतल्या तीस माणसांना जन्मोजन्मी पुरतील. सवय मात्र टंचाईच्या दिवसांतली राहिली.

१९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीनं नेमकं उलटं ठरवलं. तिथेही यंत्राला नाव कळत नाही, आकडाच कळतो, पण तो आकडा ‘एस-१-५-२१’ असा सुरू होऊन आगगाडीसारखा लांबत जातो. त्यात मधले मोठे आकडे त्या संस्थेची किंवा त्या मशीनची ओळख, आणि शेवटचा डबा माणसाचा. मुख्य अ‍ॅडमिनला ५००, पाहुण्याला ५०१, बाकी आपण सगळे १००० पासून पुढे. नियम असा की एकदा दिलेला आकडा पुन्हा कधीही, कुणालाही द्यायचा नाही. अशा एका मोठ्या संस्थेच्या वाट्याला सुमारे १०७ कोटी आकडे येतात. गेलेल्या माणसाचा आकडा त्याच्याबरोबर जातो.

याचा परिणामही तितकाच अजब. विंडोजच्या संस्थेत सुमनचं अकाउंट चुकून काढलं, पाच मिनिटांत चूक लक्षात आली, तेच नाव, तोच पासवर्ड देऊन पुन्हा उघडलं. सुमन आत येते आणि तिची स्वतःची फाइल तिला म्हणते, परवानगी नाही. फाइलीला जुना आकडा ठाऊक आहे. ही नवी सुमन तिला परकी. परवानग्यांच्या यादीत जुनीच्या जागी ‘अकाउंट अननोन’ आणि तो लांबलचक आकडा उभा. युनिक्समध्ये आकडा तोच आणि माणूस दुसरा. इथे माणूस तोच आणि आकडा दुसरा. दोन्ही यंत्रं आपापल्या हिशेबानं बरोबर आहेत.

पण विंडोजच्या जगातली मला सर्वांत चकित करणारी गोष्ट वेगळीच आहे. मोठ्या संस्थेत माणसांची नोंदवही एका जागी नसते. समजा मुंबई, नागपूर आणि पणजी अशा तीन कचेऱ्या आहेत. तिन्हीकडे एकेक सर्व्हर, तिघांकडे वहीची एकेक प्रत, आणि ते एकमेकांना बदल कळवत राहतात. मुंबईत नवं नाव चढलं तर सांगणं सोपं. ही घ्या ओळ, तुमच्याकडे उतरवून घ्या. पण मुंबईत सुमनची ओळ खोडली, तर नागपूरला काय पाठवणार? नसलेली ओळ कशी दाखवायची? नागपूरच्या वहीत सुमन आहे, मुंबईच्या वहीत नाही. यावरून नागपूरनं काय समजायचं, मुंबईनं तिला काढलं, की मुंबईला ती अजून कळलीच नाही? दोन्ही वेळा चित्र हुबेहूब एकसारखं. नागपूर भाबडेपणानं मुंबईला म्हणेल, अहो, तुमच्याकडे ही बाई राहिलीय, लिहून घ्या. काढलेलं माणूस परत हजर.

म्हणून मुंबईला सुमनची ओळ पुसता येत नाही. उलट लिहावं लागतं की ही गेली. तिच्या नोंदीतले बहुतेक तपशील काढून टाकतात, नावामागे ‘डेल’ आणि एक अद्वितीय खूण जोडतात, आकडा तेवढा राखतात आणि ती नोंद एका दडवलेल्या कप्प्यात हलवतात. या उरलेल्या नोंदीला ‘टूमस्टोन’ म्हणतात, थडग्यावरचा दगड. हा दगडच मग नागपूरला आणि पणजीला पाठवला जातो. सगळ्यांना वार्ता पोचेपर्यंत तो ठेवायचा. पूर्वी मुदत ६० दिवसांची होती, पुढे २००३ च्या सर्व्हर आवृत्तीच्या पहिल्या सुधारणेपासून नव्यानं उभ्या राहणाऱ्या संस्थांना ती १८० दिवस झाली. म्हणजे यंत्रांनीही सुतकाचे दिवस ठरवून ठेवलेत! मुदत संपली की प्रत्येक सर्व्हर आपापल्याकडचा दगड काढून टाकतो. पणजीचा सर्व्हर या काळात बंद पडून कोपऱ्यात सात महिने धूळ खात राहिला, तर त्याला वार्ता कळतच नाही. कुणीतरी तो पुन्हा सुरू करतो आणि त्याच्या वहीत सुमन अजून कामावर असते. अशा नोंदींनाही नाव आहे, ‘लिंगरिंग ऑब्जेक्ट’, रेंगाळलेली वस्तू. एखाद्याला नीट विसरायचं तर आधी तो गेल्याचं सगळ्यांनी मिळून सहा महिने लक्षात ठेवायला लागतं, हे मला त्या बिनचेहऱ्याच्या सर्व्हरांकडून कळलं.

हे सगळे घोळ पाहून मुरलेले अ‍ॅडमिन शक्यतो माणूस काढतच नाहीत. दुकानदाराच्या खातेवहीत गिऱ्हाइकाचा हिशेब संपला म्हणून कुणी पान फाडत नाही. खाली रेघ मारतात. लिनक्समधली ही रेघ म्हणजे एक उद्गारचिन्ह.

पासवर्ड कुठेही जसाच्या तसा ठेवत नाहीत, त्याचा दळून चुरा करून ठेवतात. तुम्ही आत येताना जे टाइप करता त्याचाही तसाच चुरा होतो आणि दोन चुरे जुळवून पाहतात. पूर्वी हा चुरा सगळ्यांना वाचता येणाऱ्या त्या वहीतच असे. पुढे तो ‘शॅडो’ नावाच्या, फक्त रूटला उघडता येणाऱ्या फाइलीत हलवला, म्हणून तर दुसऱ्या रकान्यात एक्स उरला. खातं बंद करायचं तर या चुऱ्याच्या सुरुवातीला एक उद्गारचिन्ह घालतात. बस्स, एवढंच. कुठल्याही पासवर्डचा चुरा उद्गारचिन्हानं सुरू होऊच शकत नाही, म्हणून जगातला कोणताही पासवर्ड त्याच्याशी जुळणार नाही, खरा पासवर्डसुद्धा नाही. पुढे सुमन परत आली तर ते चिन्ह खोडायचं आणि सगळं पूर्ववत.

मात्र यातही एक फट आहे. पासवर्डऐवजी डिजिटल किल्ली वापरून आत येणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी पासवर्ड कुणी विचारतच नाही. पुढच्या दाराला कडी आणि परसदार सताड उघडं. म्हणून खातं कालबाह्यही करायचं असतं. यंत्र तारखा मोजतं ते १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांत, आणि माहितीपुस्तिकेचा सल्ला असा की मुदतीच्या जागी १ लिहा. म्हणजे २ जानेवारी १९७०. सुमनच्या आईवडिलांचं तेव्हा लग्नही झालं नसेल, पण यंत्राच्या दप्तरी तिची मुदत त्या शुक्रवारीच संपलेली असते.

आणि काहीच केलं नाही तर? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जवळजवळ निम्मं इंधन पुरवणारी कलोनियल पाइपलाइन ७ मे २०२१ ला बंद करावी लागली, ती खंडणीखोर हॅकरांमुळे. ८,८०० किलोमीटरची नळवाट, पंपांवर रांगा, आणि सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये. चोर आत आले ते दूरवरून जोडणी करायच्या एका जुन्या खात्यातून. ते खातं वापरात नव्हतं. बंदही केलेलं नव्हतं. त्याला पासवर्डशिवाय दुसरं कुलूपही नव्हतं. कुणीतरी एक उद्गारचिन्ह घालायचं राहिलं होतं, असं म्हणायचा मोह होतो. त्यांची यंत्रणा वेगळी होती, तेव्हा आवरतो.

उद्गारचिन्हावरून आठवलं. बर्कलीच्या विद्यापीठानं १९८० च्या सुमारास युनिक्सची स्वतःची आवृत्ती वाटली, तिच्या कोडबरोबर एक जुनी पासवर्डची वही तशीच राहून गेली. कुणी खोडली नाही. त्यात युनिक्सच्या निर्मात्यांच्या ओळी आहेत, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे चुऱ्यासकट. डेनिस रिची यांची ओळ आहे, ‘डीएमआर’ नावानं. ते २०११ च्या ऑक्टोबरात गेले. केन थॉम्पसन यांची आहे, ‘केन’. हौशी मंडळींनी एकेक चुरा फोडायला घेतला. रिची यांचा सुटला, बऱ्याच जणांचे सुटले, थॉम्पसन यांचा काही केल्या सुटेना. २०१९ मध्ये एकानं आधुनिक ग्राफिक्स कार्ड त्यावर लावलं. ते चार दिवसांहून अधिक काळ अखंड दळत राहिलं आणि मग आठ अक्षरं बाहेर पडली. पी, तिरकी रेघ, क्यू, दोन, आडवी रेघ, क्यू, चार, आणि शेवटी उद्गारचिन्ह.

बुद्धिबळाची जुनी लिपी वाचणाऱ्यांना ते लगेच कळलं. वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे. थॉम्पसन बुद्धिबळ खेळणारी यंत्रंही बांधत, तेव्हा नवल नाही. बुद्धिबळात खेळीपुढे उद्गारचिन्ह घालतात ते ‘उत्तम’ म्हणायला. ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. त्यांनी एका शब्दात अभिनंदन कळवलं.